धुरावर ठेवलेलं डोकं

वैरागडे डॉक्टरांच्या खोलीत तंबाखू खायला मनाई होती आणि पहिल्याच आठवड्यात मी पकडला गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. मला बाहेर नेलं, चूळ भरायला लावली, हात साबणाने धुवायला लावले. मग म्हणाले, ज्या बोटांनी आता तंबाखू चोळलीस त्या बोटांनी सकाळी काय उचललं होतं ते आठव. सकाळी मी खोकल्याच्या रोग्यांच्या थुंकीच्या बाटल्या उचलल्या होत्या. त्यानंतर त्या खोलीत माझा हात कधी तोंडाकडे गेला नाही.

ही गोष्ट चांद्याची, म्हणजे आताच्या चंद्रपूरची. पंचावन्न-छप्पनचं साल असेल. दवाखान्याच्या मागे रोग तपासायची एक खोली होती. तिथे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाच्या काचेतून बघायचे आणि मी बाटल्या उकळायचो, फरशी पुसायचो, मागच्या भट्टीत टाकायचं ते टाकायचो. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी धोक्याच्या बाटल्यांना लाल कागद चिकटवून दिला होता. खोलीचा कायदा एकच होता. जे आत आलं ते उकळल्याशिवाय नाहीतर जाळल्याशिवाय बाहेर जायचं नाही.

मला हा कायदा जड गेला नाही. मी ढिवराचा पोर, चामोर्शीकडच्या तलावावर वाढलेला. गढूळ पाण्यातून जाळं ओढताना आम्ही त्यात एकदम हात घालत नाही. आधी काठीने चाचपतो. शेवाळात मासोळी असते तसा कधी सापही असतो. डॉक्टरांच्या बाटल्या मला तशाच वाटायच्या. फरक इतकाच की त्यातला साप काठीलाही लागत नव्हता.

वैशाखात एका सकाळी इस्तारी मला शोधत दवाखान्यात आला. इस्तारी म्हणजे माझ्या बहिणीच्या, गोकुळाच्या सासरचा शेजारी. सुकी मासोळी विकायला तो चांद्याला यायचा. त्या दिवशी त्याच्याजवळ टोपली नव्हती. त्याने सांगितलं की आदल्या दिवशी गोकुळाला कुत्री चावली. घरचीच, कवडी. अंगावर कवड्यांसारखे ठिपके होते म्हणून तिला कवडी म्हणायचे. गोकुळा तलावाच्या काठी जाळं धूत होती, कवडी मागून आली आणि तिचं मनगट धरलं. ते सोडवायला माणसं धावली. लोकांनी कवडीला काठ्यांनी तिथेच मारलं.

मी विचारलं, पिसाळली होती काय. इस्तारीला सांगता येईना. कवडी व्यालेली होती. तिची पिल्लं तिथेच जाळ्यांच्या ढिगामागे होती. व्यालेली कुत्री चावतेच. पण दोन दिवसांपासून ती खात नव्हती असंही कोणी म्हणत होतं. गोकुळाची सासू गुणाबाई म्हणत होती, पिल्लांवर पाय पडला म्हणून चावली, आणखी काही नाही.

मी इस्तारीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि पहिली गोष्ट हीच सांगितली की बाईला आजच्या आज इथे आणा. पोटात चौदा सुया घ्याव्या लागतील, रोज एक. लवकर घेतल्या तर माणूस वाचतं. एकदा रोग अंगात उठला की मग जगात औषध नाही.

इस्तारी खाली बघत म्हणाला, "गुणाबाई नाई येऊ देत, साहेब. पुरावा द्या म्हणते."

गुणाबाईला मी ओळखत होतो. वाईट बाई नव्हती. नवरा गेल्यावर तिने एकटीने जाळं ओढलं, पोचूला मोठं केलं. पोचू म्हणजे गोकुळाचा नवरा. गुणाबाईची थोरली लेक तापात असताना लोकांनी तिला दवाखान्यात नेलं होतं आणि बैलगाडीत झाकून परत आणलं होतं. तेव्हापासून ती दवाखान्याच्या नावाने उठून जायची. शिवाय गोकुळाच्या अंगावर मैना होती, दूध पिती पोर. आणि कवडी ही गुणाबाईची कुत्री. नवरा गेला त्या साली तिने आणलेल्या कुत्रीच्या पोटची. कवडी पिसाळली हे तिला मानायचंच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "कुत्री जिवंत असती तर बांधून दहा दिवस बघितली असती. आता मेली. आता तिच्या मेंदूतच काय ते लिहिलेलं आहे. डोकं आणा, मी बघून सांगतो. पण त्यासाठी थांबू नका. सुया आधी सुरू करू. कुत्री निरोगी निघाली तर बंद करू."

इस्तारीला त्यांनी नीट सांगितलं. कुत्रीला कोणी हात लावायचा नाही, सावलीत ओल्या पोत्याखाली ठेवायची, सडू द्यायची नाही, उद्या लटारू, म्हणजे मी, बर्फ घेऊन येईल. इस्तारीने मान हलवली आणि दुपारच्या मोटारीने निघाला.

मी का गेलो नाही त्याच्याबरोबर, असं कोणी विचारेल. बर्फ दुसऱ्या दिवशी सकाळी मिळणार होता आणि डबा तयार करायचा होता. डॉक्टरांनी स्वतः तो तयार केला. झाकण घट्ट बसणारा एक पत्र्याचा डबा, तो मोठ्या डब्यात, मध्ये बर्फ आणि लाकडाचा भुसा. रबराचे हातमोजे दिले कोपरापर्यंत येणारे, जंतू मारायला कार्बोलिकची बाटली दिली, साबण दिला. मानेपासून डोकं वेगळं कसं करायचं, रक्त अंगावर उडू नये म्हणून कुठे उभं राहायचं, सगळं हाताने दाखवलं. शेवटी म्हणाले, कवटी फोडायची नाही, ते काम माझं. आणि बहिणीची जखम साबणाने धू. धुतली असेल तरी पुन्हा धू.

मोटार, मग वैनगंगेवर डोंगा, मग कोणाची मिळेल ती बैलगाडी. वैनगंगेचं पाणी उतरलं होतं, वाळू पायाला भाजत होती. डबा डोक्यावर होता आणि बर्फाचं पाणी ठिबकून माझ्या मानेवर येत होतं. बर्फ किती उरला असेल ते उघडून बघावंसं वाटायचं, पण उघडला की आणखी वितळेल म्हणून तसाच चालत राहिलो.

गावात शिरलो तेव्हा सगळीकडे धूर होता. त्यात नवल नव्हतं. वैशाखात तलाव आटतो, मासोळी पायाशी येते, आणि जेवढी विकली जात नाही तेवढी घरोघर धुरावर धरतात. बांबूची ताटी, खाली मंद विस्तव, वर ओळीने मासोळी. पावसाळाभर ती पुरते.

पोचू मला बघून समोर आला. डोळे धुराने लाल झाले होते, पण चेहऱ्यावर काम पुरं केल्याचं समाधान होतं. त्याने मला हाताला धरून घरामागे नेलं. ताटीवर मासोळीच्या ओळी होत्या आणि त्यांच्या कडेला, पळसाच्या पानावर, कवडीचं डोकं होतं. हळद-मीठ लावलेलं, धुराने तपकिरी झालेलं.

"सडू नाई देल्लं, लटारूभाऊ," पोचू म्हणाला. "रातभर बसलो धुरापाशी."

 इस्तारी मागे उभा होता. मी त्याला विचारलं की तू काय सांगितलंस. त्याने सांगितलं होतं ते खरंच होतं. डोकं पाहिजे आणि ते सडता कामा नये. पोत्याचं आणि सावलीचं त्याने सांगितलं की नाही, हे त्यालाही धड आठवत नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी वैशाखात पोत्याखाली ठेवलेली मासोळी संध्याकाळपर्यंत टिकत नाही, हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं. पोचूने त्याला येत होतं ते केलं होतं. आणि मनापासून केलं होतं, कारण त्या डोक्यावर त्याच्या बायकोचं दवाखान्यात जाणं ठरणार होतं.

मी हातमोजे घातले. डोकं उचललं तर ते हलकं लागलं. मागून कवटी उघडी होती, आत काही नव्हतं.

मी पोचूकडे बघितलं. तो म्हणाला, "ते काढून टाकलं. नरम असते ते आधी सडते न."

मासोळीचं आम्ही तसंच करतो. पोट आणि कल्ले आधी काढायचे, मग मीठ. लहानपणापासून मीही हजार वेळा केलं असेल. मी विचारलं, टाकलं कुठे. त्याने भोपळ्याच्या वेलाकडे बोट दाखवलं. मासोळीची घाण आम्ही वेलाच्या बुडाशी पुरतो, वेल जोमाने येतो. पोचू म्हणाला, पाहिजे तर काढून देतो, आणि खाली बसून हाताने माती उकरायला लागला.

मी पुढे झालो. त्याच्या खांद्याला धरून मागे ओढलं. तेव्हा त्याचे हात मला दिसले.

ढिवराचे हात ज्याने बघितले नाहीत त्याला हे कळणार नाही. जाळ्याची दोरी ओढून ओढून बोटांच्या सांध्यांवर चिरा पडतात. त्या भरायच्या आत पुन्हा पाण्यात जातात, पुन्हा उकलतात. वैशाखात तर रोजच मोठी ओढ असते. पोचूच्या दोन्ही हातांच्या बोटांवर तशा ताज्या चिरा होत्या, लालबुंद. त्या हळदीने पिवळ्या पडल्या होत्या.

"याच हातानं काढलं काय?" मी विचारलं.

"मंग कोन्या हातानं?" तो हसत म्हणाला.

गुणाबाई दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिला वाटलं मी पोचूला रागावतो आहे. ती पुढे आली आणि म्हणाली की त्याने रात्रभर मेहनत घेतली आहे, आता डोकं घेऊन जा आणि तुझ्या डॉक्टरला दाखव, कवडी पिसाळली नव्हती हे सगळ्यांना कळू दे.

मी तिला खाली बसवलं. मग जेवढं मला डॉक्टरांच्या खोलीत समजलं होतं तेवढं तिला सांगितलं. कुत्री पिसाळली असेल तर तिचा रोग लाळेत असतो आणि त्याहून जास्त मेंदूत असतो. लाळ गोकुळाच्या मनगटात गेली. मेंदू पोचूच्या बोटांत गेला. दात लागायलाच पाहिजे असं नाही, एवढी चीर पुरते. कवडी निरोगी असेल तर दोघांनाही काही होणार नाही. पण आता ते कळायचा रस्ता राहिला नाही, कारण ज्यात ते कळणार होतं ते भोपळ्याखाली गेलं.

तिने पोचूचे हात आपल्या हातात घ्यायला हात पुढे केला. मी तिला थांबवलं. आधी धुऊ दे, म्हणालो. तो हात तसाच हवेत राहिला. त्या बाईला स्वतःच्या पोराला शिवू न देणारा मीच पहिला असेन.

मग कामाला लागलो. पोचूला साबण लावून हात चोळायला लावले, पुन्हा आणि पुन्हा, नवीन पाण्याने. त्याला चिरांची आग होत होती आणि तो माझ्यावर चिडला होता. म्हणाला, चांद्याला जाऊन तू बामण झाला काय, विटाळ मानून राह्यला. मी म्हणालो, माझ्याही हाताला असंच धुवायला लावतात, रोज. गोकुळा घरात मैनाला घेऊन बसली होती. तिच्या मनगटावर चुना आणि तिखट लावून चिंधी बांधली होती. ती सोडली, जखम धुतली. दातांच्या खुणा खोल होत्या. धुताना तिने दात ओठांत रोवले. फक्त एवढंच विचारलं की पोराले दूध पाजू की नको. मला माहीत नव्हतं. डॉक्टरांना विचारू, म्हणालो.

वेलाच्या बुडाची माती मी फावड्याने काढली. मुंग्या लागल्या होत्या. तरी मातीसकट जे होतं ते डब्यात भरलं, डोकं भरलं, झाकण लावलं. उरलेल्या खड्ड्यात कार्बोलिक ओतलं आणि वर काटे रचले, पिल्लांनी उकरू नये म्हणून. पिल्लं वेगळी बांबूच्या उपड्या डालीखाली ठेवून लक्ष ठेवायला इस्तारीला सांगितलं. पोचूने वापरलेला कोयता विस्तवात घातला. मग ताटी राहिली. तिच्यावर पावसाळ्याची सगळी मासोळी होती. मी गुणाबाईकडे बघितलं. मला वाटलं आता ती भांडेल. ती उठली, रॉकेलची बाटली घेऊन आली आणि माझ्याजवळ ठेवली.

ताटी पेटली तेव्हा ती घरात जाऊन गाठोडं बांधत होती. एक लुगडं, पोचूचं धोतर, मैनाची दुपटी, थोडे तांदूळ. गाडी जुंपायला तिने इस्तारीला हाक मारून सांगितलं. कोण जाणार, किती दिवस, पोर कोण सांभाळणार, डॉक्टर कसा आहे, यातलं तिने मला एक अक्षर विचारलं नाही.

गोकुळा कोपऱ्यात उभी राहून ते बघत होती. मैना तिच्या कडेवर होती. माझी बहीण सासूपुढे फार बोलणारी नव्हती. त्या दिवशीही ती हळूच बोलली, पण घरात दुसरा आवाज नव्हता.

"आता पुरावा नाई लागत काय, बाई?"

गुणाबाईचा हात गाठीवर थांबला. पोचू दारात उभा होता, त्याने मान खाली घातली. मला वाटलं म्हातारी काहीतरी बोलेल, की पोर आहे, दूध पितं आहे, माझी लेक अशीच गेली. यातलं प्रत्येक कारण खरं होतं. पण तिने गाठ मारली, गाठोडं उचललं आणि बाहेर गाडीत नेऊन ठेवलं. परत येऊन गोकुळाच्या कडेवरून मैनाला घेतलं.

गाडीने वैनगंगेपर्यंत आलो. डोंग्यात नावाड्याने डब्यात काय आहे विचारलं. मी सांगितलं, दवाखान्याचं सामान. डब्याला हाताने लागणारा गारवा कधीच संपला होता.

आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर खोलीला कुलूप लावत होते. मी डबा पुढे केला आणि काय झालं ते सांगितलं. मला वाटलं ते पोचूवर संतापतील. त्यांनी डबा लाल कागदाच्या बाटल्यांच्या फळीवर ठेवायला सांगितला आणि म्हणाले की चूक माझी आहे, सडू देऊ नका हे मी ढिवराला सांगितलं आणि कसं ते त्याच्यावर सोडलं. मग पोचूचे हात उजेडात धरून बघितले, स्वतः हातमोजे घालून. गोकुळाचं मनगट बघितलं. दूध पाजायला हरकत नाही म्हणाले, तेव्हा गोकुळाचा चेहरा त्या दोन दिवसांत पहिल्यांदा सैल झाला.

त्यांनी सुईची पिचकारी उकळायला ठेवली. मला म्हणाले, डबा उद्या बघू, त्यातून काही निघेल असं वाटत नाही, आणि निघालं नाही तरी दोघांच्याही सगळ्या सुया होतील. नंतर तसंच झालं. दुसऱ्या दिवशी ते बराच वेळ काचेतून बघत बसले आणि मग मला भट्टी पेटवायला सांगितलं. कवडीबद्दल कोणालाच काही कळलं नाही. ते आजही कोणाला माहीत नाही. पोचू आणि गोकुळा म्हातारे होऊन गेले. औषधाने वाचले की कुत्रीच निरोगी होती, यावर गावात पुष्कळ वर्षं वाद व्हायचे. गुणाबाई त्या वादात कधी पडली नाही.

पण तो नंतरचा विषय. त्या संध्याकाळी पाणी उकळत होतं आणि डॉक्टरांनी विचारलं की आधी कोण. पोचू भिंतीला टेकून उभा होता. एवढ्या तलावात जाळं ओढणारा गडी, पण पिचकारीकडे बघून त्याच्या कपाळाला घाम आला होता. गोकुळा बाकावर होती. मी काही बोलायच्या आत गुणाबाई, मैनाला खांद्यावर थोपटत, दारातूनच म्हणाली,

"तिले आधी द्या, साहेब. कवडी तिले चावली."

असं म्हणून ती पोरीला घेऊन बाहेर लिंबाखाली जाऊन बसली. सुया संपेपर्यंत रोज ती तिथेच बसायची, दवाखान्याकडे पाठ करून. पण उठून कधी गेली नाही.